डाव्या बाजूचा लोअर आर्म

“घरी कोणी पुरुष माणूस असेल तर फोन लावून द्या ना. पार्टचं त्यांच्याशीच बोलतो.”

सोमाटणे फाट्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तो एवढंच म्हणाला आणि राजेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बाहेर भादव्यातला पाऊस बारीक बारीक चालू होता. ओढणीच्या टोकातून पाणी गळत होतं. काउंटरला टेकून तीन गिऱ्हाइकं उभी होती. आणि हा शहाणा, समोर उभ्या बाईकडे मान वर करून न बघता, तिच्या बापाला शोधत होता!

“पुरुष माणूस कशाला?” ती म्हणाली. “गाडी मी चालवते. आवाज माझ्या पायापाशी होतो. घरच्यांना काय स्वप्नात ऐकू येतो?”

गिऱ्हाइकं हसली. त्याने मान वर केली. डोळे बरे होते मेल्याचे, काळेभोर, जरा घाबरलेले… पण म्हणून काय झालं?

“कुठला पार्ट पाहिजे?”

“लोअर आर्म. चाकाला खालून धरून ठेवतो ना, तो. त्याचा बॉल जॉइंट ढिला झालाय, रबरी बुश फाटलेत. खड्डा आला की खडाक् करतो.”

“डावीकडचा का उजवीकडचा?”

“डावीकडचा.”

“नक्की?”

“तीन वर्षं कंपनीत लाइनवर उभी राहून हेच आर्म बसवलेत मी. नक्की का, म्हणून मला विचारायचं नाही!”

त्याने पार्ट कागदात गुंडाळला. बिलावर नंबर लिहिला. “माझं नाव गोरख. काही अडलं तर—”

“अडणार नाही.”

असं म्हणाली खरी, पण ते बिल तिने पर्समध्ये अगदी आतल्या कप्प्यात ठेवलं, पाण्याचा थेंब लागणार नाही असं. का ठेवलं, ते तिचं तिला ठाऊक.

राजेश्वरी परंदवडीच्या कोंडाजींची एकुलती एक लेक. कंपनीतलं कंत्राट संपलं तेव्हा रडत बसली नाही. अकरा वर्षं जुनी, दुसऱ्याने वापरून टाकलेली एक पांढरी गाडी घेतली आणि गावातल्या चार बायकांना रोज सकाळी लोणावळ्याला न्यायला लागली. भुशीच्या वाटेवर एक मोठं हॉटेल आहे, तिथल्या खोल्या आवरायच्या कामाला त्या बायका जातात. साडेसातला हजेरी. मिनिट चुकलं तर खाडा. पावसाळ्यात त्या रस्त्याची पार चाळण झालेली, आणि महिनाभर गाडी पुढून खडाखडा वाजत होती. हे बघून निवृत्ती जीपवाला बायकांना गोड गोड बोलायला लागलेला, “सोमवारी हिची गाडी नसली तर आमच्या जीपमध्ये बसा की.” एकदा त्या तिकडे बसल्या की परत कशाला येतात? आज रविवार होता. हातात एक दिवस होता.

अंगणातल्या पत्र्याखाली तिने गाडी जॅकवर चढवली, खाली स्टँड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणारी बाई ती नव्हे. चाक काढलं, तीन बोल्ट सोडवले. गंजलेला बॉल जॉइंट हलेना, तेव्हा हातोडीचे चार घाव असे घातले की शेजारची चाँदबी मावशी, गाडीतल्या चौघींतलीच एक, भिंतीवरून डोकावली.

“राजे, कुनाचा राग त्या लोखंडावर काढतीस गं?”

“हाय एक दुकानदार!”

जुना आर्म निघाला. तिने कागद फाडून नवा त्याच्याशेजारी ठेवला आणि बघतच राहिली. एक वाकलेला इकडे, दुसरा वाकलेला तिकडे. उलट्या बाजूचा पार्ट!

फोन लावला. “तुमच्या दुकानात डावं-उजवं कळणारा पुरुष माणूस असेल तर त्याच्याकडं फोन द्या!”

पलीकडून हळू आवाज आला, “नाव, गाव सांगा. आलोच.”

वीस मिनिटांत मोटरसायकल दारात. दुकान बंद करून आलेला, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, जर्किनच्या आत मात्र दुसरा आर्म कोरडा ठणठणीत. राजेश्वरी गाडीच्या बॉनेटसमोर हातात हातोडी घेऊन उभी राहिली आणि काढलेल्या चाकाच्या जागेकडे बोट दाखवलं. “ही डावी बाजू! ही! माझ्या डाव्या हाताची! आंधळ्यालाही दिसंल.”

गोरखने तिच्याकडे पाहिलं. तिच्या हाताकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. ओठाचा एक कोपरा हलला आणि लगेच जाग्यावर आला.

“माझंच चुकलं,” तो म्हणाला. “चुकीचा दिला.”

“मग? आता नुसते उभे काय राहिलात? बसवू लागा.”

बसला की चिखलात गुडघे टेकून. तिने आर्म वर धरला, त्याने बोल्ट घातले. दोघांची डोकी एका चाकाच्या जागेत… ग्रीसचा वास, ओल्या जर्किनचा वास, पत्र्यावर पावसाची टिपटिप. पाना देताना बोटाला बोट लागलं. दोघांनीही ते लागलंच नाही असं दाखवलं.

“बुशाचे बोल्ट आत्ता पूर्ण—”

“आवळायचे नाहीत. ठाऊक आहे. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि महिन्यात फाटतं. गाडीचं वजन चाकांवर आलं की मग आवळायचे.”

“मी सांगायच्या आत तुम्हीच…” तो हसला. मग घसा खाकरला. “राजेश्वरी, मला जरा एक बोलायचं होतं.”

“गाडी अजून वर आहे.”

“मग?”

“मग थांबा. टेकू द्या.”

भिंतीपलीकडे चाँदबी मावशीला एकदम ठसका लागला.

चाक चढलं, गाडी खाली आली. आता पुढची चाकं दोन जाड फळ्यांवर चढवायची, म्हणजे वजन चाकांवर राहतं आणि खाली पाना फिरायला जागा मिळते. राजेश्वरी स्टिअरिंगवर बसली. किल्ली फिरवली, गिअर टाकला, खिडकीतून मान बाहेर काढली. त्या नव्या आर्मच्या चाकापाशी, तिच्या खिडकीच्या जरासा पुढे, गोरख उकिडवा बसला होता.

तिच्या उजव्या हाताला.

तिने इंजिन बंद केलं. लाइनवर ती गाडीच्या सांगाड्याकडे तोंड करून उभी राहायची. तिच्या डाव्या हाताची ती डावी, तीन वर्षं तेच अंगात मुरलेलं. पण दुनिया डावं-उजवं मोजते ते चालकाच्या सीटवर बसून. दुकानात तोंडानं मागितलं तिनंच, आणि त्याने दिलं ते अगदी बरोबर!

ती उतरली. दार असं आपटलं की मावशीच्या कोंबड्या फडफडत पत्र्यावर गेल्या.

“तुला माहीत होतं!” रागात ‘तू’ निघून गेलं, आणि ते मागे घ्यायचं तिला सुचलं नाही.

“काय?”

“चूक माझी होती! तू ती अंगावर का घेतलीस? दया आली व्हय माझी? बाईमाणूस, बिचारी, रडंल?”

“रडाल असं वाटलं नव्हतं,” तो म्हणाला. “हातोडी तुमच्या हातात होती.”

“हसू नको! माझी चूक माझी आहे. तिच्यावर कुनी पांघरूण घालायचं नाही!”

गोरख उभा राहिला. आता तो हसत नव्हता. “दुकानात तीन माणसांसमोर मी तुमच्या घरचा पुरुष माणूस मागितला. सवय आहे… वाईट सवय. रस्ताभर तेच टोचत होतं. म्हटलं, एक चूक माझ्याकडे शिल्लक आहेच, ही दुसरी घेतली तर काय बिघडलं?”

“बिघडलं! अंगणात कोंबड्यांसमोर फेडतोस? चारचौघांत बोललास, तर चारचौघांत फेड!”

गोरखने फळ्या चाकांसमोर नीट लावल्या. राजेश्वरीने गाडी फळ्यांवर चढवली, पोतं अंथरून खाली शिरली आणि बोल्ट आवळले, करकचून. पाना तोच देत होता. बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर ग्रीसचा काळा पट्टा होता. त्याने खिशातून रुमाल काढला, अर्ध्यावर हात थांबला… आणि रुमाल बॉनेटवर ठेवून दिला. तिने तो उचलला.

“आता टेकली गाडी,” तो हळूच म्हणाला. “बोलू?”

“न्हाई. आठ दिवस भुशीचे खड्डे खाऊ दे आधी. बसवलेलं टिकतंय का बघू.”

सोमवारी त्याच्याच दुकानाच्या दारात सहा वाजता दोरी लावून चाकांची अलाइनमेंट करून घेतली आणि चार बायका घेऊन ती वेळेत निघाली. कामशेत गेलं, कार्ला गेलं, खड्ड्यांमागून खड्डे गेले, गाडीतून चकार आवाज नाही. निवृत्तीची जीप शेजारून भोंगा वाजवत गेली. एकीनेही तिकडे मान वळवली नाही.

“आवाज गेला गं,” मागून चाँदबी मावशी म्हणाली. “आता त्या दुकानदाराचं काय?”

“कोन दुकानदार?”

“तुज्या आरशाला ज्याचा रुमाल टांगलाय, त्यो.”

एरवी नवाला उघडणारं ते दुकान त्या आठवड्यात रोज पावणेसातला उघडं दिसायचं. राजेश्वरी एकदाच हॉर्न द्यायची. थांबायची मात्र नाही.

नवव्या दिवशी, रात्रीच्या जेवणाला, राजेश्वरीचा फोन वाजला. कोंडाजींनी तो कानाला लावला, ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि फोन लेकीपुढे धरला.

“राजे, फाट्यावरचा दुकानदार हाय. मी म्हनलं, मी हिचा बाप, बोला. तर म्हनतो, ‘आबा, तुमी मोठे हायसा, पण पुरुष माणूस नको. जे विचारायचंय ते तिलाच विचारायचंय.’ ही काय रीत झाली?”

राजेश्वरीने फोन घेतला. कान तापले होते. आवाज मात्र खणखणीत.

“दुकानात कोण कोण आहे?”

“पाच गिऱ्हाइकं. सगळी ऐकतायत. त्या दिवशीची तिघंही मुद्दाम बोलावलीत.”

“स्पीकर चालू आहे?”

“चालू आहे. राजेश्वरी, घरच्या कुणाला नाही, तुलाच विचारतो… माझ्याशी लग्न करशील?”

पलीकडे कुणीतरी खोकलं. इकडे कोंडाजींच्या हातातली भाकरी तशीच राहिली. भिंतीवर चाँदबी मावशीचं डोकं उगवलं होतं.

“व्हय!” ती एवढ्या जोरात म्हणाली की फोनची गरजच नव्हती. “आणि ऐक. यापुढं कुनी पार्ट मागितला तर आधी विचारत जा, डावी म्हंजे गाडीत बसून डावी, का गाडीसमोर उभं राहून!”