इंदू मॅडमची जोडी

"ए, दिसत न्हाई का? केळीच्या फण्या तुडवून राहिलास!"

मी ओरडले तसा तो पोरगा दचकून मागं सरला, आन् केळीच्या ओल्या पानावरून घसरून खालीच बसला. धुतलेल्या शर्टाला सगळा चीक लागला. केळी भरणाऱ्या बाया खदाखदा हसल्या. मी न्हाई हसले. म्हणजे... थोडं.

"तनुजा कुठं भेटंल?" त्यानं बसल्या बसल्याच विचारलं.

"मेली ती."

"मग तिच्या भुताला सांगतो. इंदू मॅडमनं पाठवलंय."

इंदू मॅडमचं नाव ऐकलं आन् माझा हात थांबला. शाळेत पोरांच्या मनातलं ऐकून घ्यायचं, हेच त्यांचं काम होतं. रिटायर झाल्या तरी पेन्शनीतून पोरं शिकवायच्या. अट अशी, की ज्यानं त्यांची स्कॉलरशिप घेतली त्यानं शाळा सुटलेलं एक लेकरू धरायचं, ते पास होईस्तोवर सोडायचं न्हाई. त्याला त्या जोडी म्हणायच्या. मी सरांवर डस्टर फेकून दहावी सोडलेली. अठरावं लागलं तरी अर्धापूरला केळीच भरत होते. देगलूरचा राघवेंद्र, नांदेडला कॉलेज करणारा, माझ्या वाट्याला आला.

दर रविवारी यायचा. उलट्या कॅरेटवर बसून गणित शिकवायचा.

"राग आला की तुझं नाक हलतंय."

"बघतोस कामून मग?"

"बघत न्हाई... दिसतंय."

जोडीला अजून एक अट होती. पास होईस्तोवर प्रेमबिम न्हाई. एका पोरीचं नाव निघालं की गल्लीतल्या सगळ्या पोरींचं दप्तर बंद होतंय, असं मॅडम म्हणायच्या. मला वाटायचं, म्हातारीला काय कळतंय!

मग एका रविवारी त्यानं माझ्या केसात अडकलेला केळीचा धागा काढला. एवढंच. बोटं जराशी थांबली... मी पण हलले न्हाई. गल्लीतल्या शेषेराव काकानं बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांची पोरगी पंचशीला, आठवीतली, माझ्या शेजारी केळी पुसायला बसली. दप्तर घरी.

"ताई, तू काय केलंस गं?"

मी हातातली फणी खाली ठेवली.

मी तशीच नांदेडला गेले. मॅडम दवाखान्यात होत्या. कॅन्सरनं चेहरा एवढासा झालेला.

"आवडतो का गं?" मी बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"हाव." मग पंचशीलाची शाळा सुटल्याचं पण सांगितलं.

"मग रागावू कशी मी तुला?" त्यांना धाप लागली. "पण पंचशीलाला शाळेत परत कोण आणंल आता?"

त्याच आठवड्यात मॅडम गेल्या. गोदावरीच्या घाटावर त्यांनी शिकवलेली माणसं उभी होती, कोण डॉक्टर, कोण कंडक्टर. राघवेंद्र माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. डोळे लाल.

"तनू... आता मॅडम न्हाईत. आता अट कोणाची?"

"माझी."

"म्हणजे?"

"तू येतोस तोवर शेषेराव काका पोरीला शाळेत सोडणार न्हाईत. अर्धापूरला येऊ नको. फोन पण न्हाई."

"पुढच्या शिक्षणाला लातूरला नंबर लागलाय माझा. म्हटलं होतं, रविवारच्या रविवार येईन..."

"न्हाई."

"आन् तुझं गणित?"

"माझं मी करते."

तो नदीकडं बघत राहिला. "एकदा तरी सांग... मी आवडत न्हाई का तुला?"

"लई आवडतोस. म्हणून तर म्हणते, जा."

तो गेला. मागं वळून बघतोय हे कळत होतं, आन् मी त्याच्याकडं बघायचं न्हाई म्हणून चितेकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषेराव काकांच्या दारात उभी राहिले. त्यांनी नको नको ते ऐकवलं. माझ्या आईबद्दल पण. हातात दगड घ्यावा वाटला. सगळं गिळलं.

"तो आता येणार न्हाई काका. पंचशीलाला शाळेत मी नेते, मीच आणते. रोज. ती दहावी होईस्तोवर."

"आन् आला तर?"

"आला तर माझी तंगडी तोडा."

काका दारातून बाजूला सरले. मग आतून पंचशीला दप्तर घेऊन आली. कोपऱ्यापर्यंत गप चालली.

"ताई, रडून राहिलीस का तू?"

"पाढे म्हण," मी म्हटलं. "सतराचा."