विरघळलेली साडी

त्या दिवशी स्वरूपाची मैत्रीण आली नाही, म्हणून सरांनी तिला प्रॅक्टिकलला बिरूच्या टेबलावर पाठवलं. ती लासुर्ण्याच्या बागायतदाराची लेक, तो कन्हेरीच्या मेंढपाळाचा मुलगा. बारामतीच्या कॉलेजात दोन वर्षं एकाच वर्गात... पण बोलणं कधीच नाही.

काचेच्या पात्रात दोन द्रावणं एकावर एक थांबली होती. ती जिथं भेटत होती, तिथं नायलॉनचा दुधी पापुद्रा धरला होता. बिरूनं तो चिमट्यानं उचलला आणि पाठोपाठ ओला, चमकता धागा वर येऊ लागला.

"अगं बाई... किती निघतोय!"

"निघतच राहतो. फक्त घाई करायची न्हाय. धरा तुमी."

चिमटा देताना बोटांना बोटं लागली. धागा तुटला. दोघंही हसली.

पुढच्या आठवड्यात स्वरूपा वहिनीची गुलाबी नायलॉनची साडी नेसून आली.

"प्रॅक्टिकलला साडी?"

"का? बरी न्हाय दिसत?"

"बरी..." बिरू बाटल्यांकडं बघत पुटपुटला, "लईच बरी दिसती."

त्या दिवशी नायलॉन फॉर्मिक आम्लात विरघळवायचं होतं. वळताना तिचा पदर बाटलीला अडकला आणि आम्ल कमरेवर सांडलं. सुती कापड टिकलं असतं. नायलॉन मात्र चिकट होत गेलं, भोकं वाढत गेली. बिरूनं बादलीभर पाणी तिच्यावर ओतलं. कातडी वाचली. पण ओली, फाटकी साडी आवळून ती साऱ्या वर्गापुढं उभी...

बिरूनं पिशवीतून घोंगडी काढली. मेंढरं घेऊन इंदापूरकडं गेलेल्या वडिलांना ती द्यायची होती. त्यानं ती तिच्या खांद्यावर टाकली.

"मेंढराचा वास सुटला रं!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खदखदला.

"काढा हे! नको मला!" स्वरूपानं घोंगडी झटकून फरशीवर टाकली.

बिरूनं ती उचलली, घडी घातली आणि तिच्याकडं न बघता निघून गेला.

साडीची लाज घरी पोचेपर्यंत ओसरली. दुसरी लाज मात्र ओसरेना. ज्यानं तिला झाकलं, त्यालाच तिनं चारचौघांत उघडं पाडलं होतं. त्यानंतर बिरू वर्गात येईना. शेवटी एका रविवारी ती कन्हेरीच्या एसटीत बसली.

तो गोठ्यापाशी होता. तिला बघून उभा राहिला.

"मी... चुकले." ती म्हणाली. "सरांनी काल शिकवलं. लोकर न् नायलॉन, दोन्हीत अणूंना जोडणारा बंध एकच. अमाइडचा."

"ठावं हाय मला. पर माणसं बंध बघत्यात व्हय? वास घेत्यात. आन् खरं सांगू? मीबी ती घोंगडी पिशवीत तळाला दडवूनच आणली हुती. तुमच्यावर कशापायी रागवू? लाज मलाच वाटती."

"मग कॉलेजात या ना... मला तिथं करमत न्हाय."

"प्रॅक्टिकलला जोडीदार न्हाय म्हणून?"

"न्हाय..." ती खाली बघत म्हणाली, "तुमी न्हाय म्हणून."

बिरूच्या ओठांवर हसू आलं, तेवढ्यात त्याची आई, सारजाबाई, दारात आली.

"कुणाची गं पोरी तू? काय काम काढलंस?"

स्वरूपाचा चेहरा तापला. पण ह्या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

"लासुर्ण्याची, मावशी. माफी मागायला आले हुते... आता कायमचंच यावं म्हणते."

बिरू खोकलाच. सारजाबाईनं तिला आणि मग लेकाला निरखलं.

"ये की. आधी तुझ्या आई-बापाला घिऊन ये," ती म्हणाली. "आन् आता बस. च्या टाकते."