मान्य, ओव्हर

रेडिओ स्टेशनच्या खोलीचं दार उघडलं, तर समोर उन्हाने रापलेला एक उंच तरुण, आणि त्याच्या मागे पिशवी सांभाळत एक बाई.

"मी बेटावरचा ऑपरेटर," तो हसत म्हणाला. "ही माझी आई. तारीख ठरवायला आलोय."

कसली तारीख?

आवाज मात्र ओळखीचा... नको तितका ओळखीचा. मी किनाऱ्यावरच्या ह्या स्टेशनची ऑपरेटर, वर्षभर रोज सकाळी तो माझ्या कानात असायचा. बेट पार क्षितिजापलीकडे, सरळ तिथे काही पोचत नाही. आमचा अँटेना संदेश आभाळाकडे फेकतो, वरची हवा तो चहूकडे विखुरते आणि त्यातला चिमूटभर तिकडे पडतो. तेवढ्यावर मी येडी जीव लावून बसले होते. चेहरासुद्धा न बघता!

गेल्या आठवड्यात हवा अशी तापून थबकली, की कुठल्या कुठल्या बंदराचं स्टेशन भरकटत येऊन आमच्याच चॅनेलवर बसलं. बेटावरून ह्याचं बोलणं चालू असताना मध्येच बोटींची नावं घुसली. तीनदा मी "पुन्हा सांगा" म्हटलं. चौथ्यांदा लाज वाटली. शेवटचं "...का? ओव्हर" तेवढं कळलं. अँटेनाच्या दुरुस्तीचं विचारत असेल, असं समजून मी ठोकून दिलं — "मान्य, ओव्हर."

"मी... नक्की काय मान्य केलं?" मी विचारलं.

त्याचं हसू मावळलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आई मटकन खुर्चीत बसली.

"म्हणजे तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं," तो पुटपुटला. "चुकलं माझं. आई, चल."

तो खरंच वळला. हा आता गेला, तर उद्यापासून कुठल्या तोंडाने माझ्याशी बोलणार?

"थांबा," मी म्हणाले. "संदेश नीट मिळाला नाही तर परत मागायचा, असा नियम आहे. पुन्हा सांगा."

तो थबकला. मग अगदी हळू म्हणाला, "माझ्याशी लग्न कराल का?"

मध्ये दोन हातांचं अंतर. एक खरखर नाही. अक्षर न् अक्षर पोचलं, आणि मी गारच पडले.

"मान्य," कसंबसं म्हटलं.

पण पठ्ठ्या आता सावध झाला होता. "नुसतं मान्य चालणार नाही. काय मिळालं ते परत बोलून दाखवा."

मग काय... दाखवलं. अख्खं. त्याच्या आईसमोर.