चार वाजता गायब होणारी रेंज

"गेली!" हॅटी ओरडली. "चार वाजून एक मिनिट! लिही, ओटिस, लवकर लिही!"

ओटिसने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि वहीच्या शेवटच्या पानावर आकडे काढले. "ही माझी गणिताची वही आहे," तो कुरकुरला. "बाईंनी विचारलं तर मी तुझं नाव सांगणार!"

"खुशाल सांग!"

तेवढ्यात घरगाडीच्या खिडकीतून आईचा वैतागलेला आवाज आला, "परत गेलं का गं नेट? आत्ता एका पेशंटला वेळ देत होते मी!" आई एका दातांच्या दवाखान्यासाठी काम करायची, तेही फोन आणि लॅपटॉपवरून. तो दवाखाना होता तिथून चारशे मैलांवर.

हॅटी बारा वर्षांची, ओटिस आठचा. दोघं आईबाबांबरोबर मोंटानातल्या नदीकाठच्या एका तळावर पाच दिवसांपासून मुक्कामाला होते. त्यांचं घर चाकांवरचं होतं. बाबांच्या ट्रकमागे जोडलेल्या लांबलचक घरगाडीतच त्यांची चूल, पलंग आणि शाळेची दप्तरं होती. तळावर अशा अकरा गाड्या होत्या, आणि सगळ्यांचे फोन चारच्या ठोक्याला मुके व्हायचे.

दुसरी एखादी मुलगी म्हणाली असती, गेली रेंज तर गेली, चला पोहायला! हॅटीचं तसं नव्हतं. मागच्या ऑगस्टमध्ये त्यांचं खरं घर वणव्यात जळालं होतं. त्या दिवशी आईचा फोन धोक्याचा भोंगा वाजवत किंचाळला आणि दहा मिनिटांत चौघंजण ट्रकमध्ये बसून बाहेर पडले. मागे वळून पाहिलं तेव्हा गल्लीच्या टोकाला ज्वाळा दिसत होत्या. फोन वाजला म्हणूनच ते वाचले. तेव्हापासून हॅटी फोन उशाशी घेऊन झोपायची आणि रेंजच्या दांड्या मोजत बसायची. बाबा तिला लाडाने "घाबरट ससा" म्हणत. तिला ते मुळीच आवडत नसे.

आणि आज हवेत धुराचा वास होता.

"बाबा," ती म्हणाली, "वास वाढलाय."

बाबा लाकडी टेबलावर उपग्रहाची तबकडी ठेवून ती इकडून तिकडे फिरवत होते. ती नवीकोरी होती. पण सावलीच्या मोहाने त्यांनी गाडी उंच पाइनच्या झाडांखाली लावली होती आणि तबकडीला आभाळच दिसत नव्हतं. "अगं, तो वणवा कॉपर कड्याच्या पलीकडे आहे. तीस मैल! जवळ आलाच तर फोन वाजेल की!"

"रेंज नसेल तर कसा वाजेल?"

बाबांनी तबकडी पुन्हा एकदा फिरवली. "येईल गं रेंज. संध्याकाळी सगळे एकदम नेट वापरतात, मोबाइलच्या मनोऱ्यावर ताण येतो. आठला येतेच ना परत?"

हॅटीने वर पाहिलं. सूर्य तांब्याच्या थाळीसारखा लाल दिसत होता. टेबलावर काहीतरी करडं भुरभुरत पडलं. तिने बोट लावलं. राख!

"इनेस!" ती पळतच सुटली.

इनेस किंतानाची व्हॅन शेजारीच होती. इनेस तेरा वर्षांची. तिचे बाबा गावोगावच्या जत्रांमध्ये माइक आणि भोंगे लावायचं काम करत. आज ते गावातल्या जत्रेच्या मैदानावर गेले होते, म्हणून इनेस दिवसभर हॅटीच्याच घरी जेवली होती.

"राख पडतेय," हॅटी धापा टाकत म्हणाली. "मिसेस डॉबिन्सना सांगायला हवं!"

मिसेस डॉबिन्स तळाची देखभाल करत. वनखात्याचा वायरलेस फक्त त्यांच्याकडे असे. ओटिसही वही घेऊन मागोमाग आला होता; तिघं फाटकाशी धावली. तिथे पाटी लटकत होती, 'सामान आणायला गावात गेले आहे. सहापर्यंत येते.' फाटकाशेजारच्या त्यांच्या खोपटाच्या खिडकीतून आत पाहिलं तर वायरलेस टेबलावर, आणि दाराला कुलूप!

"झालं!" इनेस म्हणाली.

त्या पाटीशेजारी एक जुनी पाटी होती. हॅटीने ती शंभरदा वाचली असेल. आज मात्र वाचता वाचता तिचे डोळे विस्फारले. 'जनरेटर लावण्याची वेळ: सकाळी ८ ते १०, दुपारी ४ ते ८. इतर वेळी शांतता पाळा.'

"ओटिस, वही दे!" तिने पान उघडलं. "सकाळी आठला गेली, दहाला आली. चारला गेली, आठला आली. रोज! हा मनोऱ्यावरचा ताण नाही. कुणाचा तरी जनरेटर सुरू झाला की रेंज मरते!"

"जनरेटरने रेंज कशी जाईल?" इनेसने कपाळाला आठ्या घातल्या. "जनरेटरवर चालणाऱ्या कशानेतरी जात असेल. पण कुणाच्या? सहा जणांकडे आहेत."

"सोमवारी गेलीच नव्हती," ओटिस वहीत डोकावून म्हणाला. "सोमवारी मिस्टर ग्रूबर दिवसभर मासे धरायला गेले होते. आपल्याला एक दिला होता. नुसते काटे!"

दोघी मुली त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"तू हे आधी का नाही बोललास?"

"मला कुणी विचारलं?"

एवढ्यात झाडीत खडखडाट झाला. तिघंही दचकली. हरणं! एक, दोन, सात हरणं भरदिवसा तळाच्या मधोमध धावत आली. माणसांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ती थेट नदीत उतरली आणि पलीकडे पोहत गेली. मग सगळं शांत झालं, इतकं की एकही पक्षी बोलेना.

ओटिसने हॅटीचा हात घट्ट धरला. "ती कशाला घाबरली, ताई?"

हॅटीला उत्तर ठाऊक होतं. तळावरून बाहेर जायला एकच रस्ता होता आणि त्यावर एकच लाकडी पूल. त्या पुलापर्यंत आग पोहोचली की संपलंच.

ती घरी पळाली. "आई, बाबा, आपण निघूया. आत्ताच्या आत्ता!"

"पाचला माझं काम संपतं, मग बोलू," आई लॅपटॉपशी झटत म्हणाली.

"अगं, गाडी ट्रकला जोडायची म्हणजे अर्धा तास," बाबा म्हणाले. "टेकू काढा, साखळ्या लावा... नुसत्या वासावरून? वरून हुकूम आला की निघू. घाबरू नकोस, ससा!"

हॅटीच्या डोळ्यांत पाणी आलं. घाबरलेल्या माणसाचं खरंही कुणी ऐकत नाही, हेच तिला सर्वांत भयंकर वाटलं. तिने डोळे पुसले. "चल, इनेस! फोन वाजल्याशिवाय ही मोठी माणसं हलणार नाहीत. मग फोनच वाजवूया!"

मिस्टर ग्रूबर यांची मोटारगाडी म्हणजे चाकांवरचा वाडाच! बसएवढी लांब, चकचकीत, पोटात गुरगुरणारा जनरेटर. हॅटी फोन समोर धरून त्या दिशेला चालली. नदीपाशी एक दांडी लुकलुकत होती. गाडीजवळ तीही विझली.

इनेस टाचा उंचावून छताकडे बघत होती. वर एक पांढरा दांडा उभा होता. त्याची वायर झरोक्यातून आत गेली होती. ती खिडकीशी गेली आणि तिने हळूच शीळ घातली. "रेंज वाढवायचा बूस्टर! बाहेरचा अँटेना बाहेरची रेंज पकडतो, आतला ती मोठी करून घरात सोडतो. पण बघ तरी, आतला अँटेना कुठे चिकटवलाय! बरोब्बर बाहेरच्याच्या खाली! जेमतेम वीतभर अंतर!"

"मग?"

"शाळेच्या हॉलमध्ये माइक भोंग्यासमोर नेला की कसा कान फाडणारा आवाज येतो? हा तेच करतोय! स्वतःचाच आवाज ऐकतोय आणि पुन्हा ओरडतोय. आपल्याला ऐकू येत नाही, पण त्या गोंगाटात आपले फोन बहिरे झालेत!"

"जाऊन सांगू या!"

"आणि ते ऐकतील?"

दार उघडून मिस्टर ग्रूबरच बाहेर आले. टक्कल, मिशा, हातात लिंबाच्या सरबताचा पेला. "काय रे, काय डोकावताय?"

"तुमच्या बूस्टरमुळे सगळ्यांची रेंज जातेय!" हॅटीच्या तोंडून निसटलंच.

"माझ्यामुळे?" ते गडगडाटी हसले. "पोरी, तळावर रेंज असलेला मी एकटाच आहे! हे बघ, पाचच्या पाच दांड्या! स्वतःच्या हाताने बसवलाय, तासाभरात! तुम्हा लोकांना रेंज नाही म्हणून माझ्यावर जळता होय?"

पाच दिवसांत त्यांनी कुणालाही फोन केला नव्हता. दांड्या बघूनच त्यांचं पोट भरत होतं; त्या नुसत्या गोंगाटाच्या दांड्या आहेत हे त्यांना कळलंच नव्हतं.

त्यांच्या खांद्यावरून हॅटीला कड्याचा माथा दिसला. मघाशी तिथे करडा धूर होता. आता तो काळा होता, आणि त्याच्या पायथ्याशी नारिंगी रेघ होती. दुसरं कुणी बघत नव्हतं. झाडांच्या सावलीत बसलेल्यांना कडा दिसतच नव्हता!

इनेसने तिला कोपराने ढोसलं आणि गोड आवाजात म्हणाली, "मिस्टर ग्रूबर, ही उगाच बोलते हो. माझ्या बाबांना अगदी असाच बूस्टर घ्यायचाय. आम्हाला दाखवाल? चालू असताना पाच दांड्या, मग बंद केला की किती?"

मिस्टर ग्रूबर खुलले. "या आत. बूट काढून! बंद केला की? एकही नाही!"

"एकही नाही?" इनेसने डोळे मोठे केले. "बाबा म्हणतात, एवढा फरक पडूच शकत नाही."

"खोटं बोलताय तुम्ही," ओटिस म्हणाला.

हे काही ठरलेलं नव्हतं. मिस्टर ग्रूबर कानापर्यंत लाल झाले. "खोटं? मी खोटं बोलतो? बघ तर!" आणि त्यांनी प्लग खसकन उपटला.

एक सेकंद. दोन. काहीच नाही. हॅटीने हातातल्या फोनकडे पाहिलं. चुकलो का आपण?

आणि मिस्टर ग्रूबर यांच्या सदऱ्याचा खिसा किंचाळला! पाठोपाठ हॅटीच्या हातातला फोन. मग शेजारच्या गाडीतला, त्यापलीकडचा, नदीकाठचा! सगळा तळ त्या कर्कश भोंग्याने दणाणून गेला. तोच आवाज! मागच्या ऑगस्टमधला!

'कॉपर कडा आणि नदीकाठचा तळ. ताबडतोब बाहेर पडा. पुलावरून निघा.' संदेश चार बाराला पाठवलेला होता. घड्याळात चार एकेचाळीस झाले होते.

क्षणभर हॅटी जागच्या जागी थिजली. मग तिला जाणवलं, आता काय करायचं ते तिला तोंडपाठ आहे. वर्षभर रोज रात्री अंथरुणात पडून तिने हेच तर घोकलं होतं!

"बाबा, ट्रक मागे घ्या! आई, गॅस बंद! ओटिस, पायऱ्या आत!" ती धावत आली तेव्हा बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण ते एका शब्दानेही वाद न घालता ट्रककडे पळाले. टेकू वर, साखळ्या अडकवल्या, दिव्यांची वायर जोडली. इनेस दारोदार धावून बडवत होती, "उठा! निघा! कड्याकडे बघा!" मिस्टर ग्रूबर यांनी आपल्या गाडीचा हॉर्न दाबून धरला. नदीत गळ टाकून बसलेले दोघे म्हातारे चिखलाच्या बुटांनी पळत येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

नवीकोरी तबकडी टेबलावरच राहिली. बाबांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

अकराच्या अकरा गाड्या एकामागून एक पुलावर चढल्या; इनेसची व्हॅन आई चालवत होती. फळ्या खडखडत होत्या, खिडक्यांवर ठिणग्या आपटत होत्या. डाव्या हाताला झाडं पेटत खाली येत होती. ओटिस हॅटीच्या कुशीत तोंड खुपसून बसला होता. इनेस डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. "पूल संपला का? संपला का?" ती विचारत राहिली. हॅटी बाजूच्या आरशातून मागच्या गाड्या मोजत होती. "नऊ... दहा... अकरा! सगळे आले!"

सहा वाजता सगळे गावच्या जत्रेच्या मैदानावर पोहोचले. घोड्यांच्या तबेल्याशेजारी खाटा मांडल्या होत्या, कुणीतरी सॉसेज भाजत होतं. इनेसच्या बाबांनी तिला असं काही कवटाळलं की तिचे पाय जमिनीवरून उचलले गेले. मिसेस डॉबिन्स रडत होत्या. पोलिसांनी त्यांना हमरस्त्यावरच अडवलं होतं.

अग्निशमन दलाच्या साहेबांनी हॅटीच्या हातातली गणिताची वही उलटसुलट करून पाहिली. "आम्हाला वाटलं, तळावर संदेश पोहोचलाय, म्हणून आमची माणसं आधी पलीकडच्या शेतांवर गेली. साडेपाचला पूल पेटला. रेंज नेहमीसारखी आठला परत आली असती, तर..." त्यांनी टोपी काढली आणि तिघांशी मोठ्या माणसांशी करावं तसं हस्तांदोलन केलं. "शाब्बास! अकरा गाड्या वाचवल्यात तुम्ही."

मिस्टर ग्रूबर मान खाली घालून आले. त्यांच्या हातात बूस्टरची माहितीपुस्तिका होती. तिचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. "पहिल्याच पानावर लिहिलं असणार, अँटेना लांब लांब लावा म्हणून," ते म्हणाले. "पोरी, तू सांगत होतीस आणि मी हसलो. मला माफ कर. आणि तू रे, मला खोटारडा म्हणालास ते फार बरं केलंस!"

"तुमच्या माशात काटे पण खूप होते," ओटिस म्हणाला. आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला, पण हसू तिलाही आवरलं नाही.

हॅटी एका खाटेवर बसली होती. सॉसेज हातात तसंच थंड झालं होतं. नजर फोनवर. चार दांड्या. पुन्हा चार. बाबा येऊन शेजारी बसले.

"मी तुला ससा म्हणायचो," ते म्हणाले. "पुन्हा नाही म्हणणार. तू घाबरलीस म्हणून आपण सगळे आहोत."

त्यांनी हात पुढे केला. "दे तो फोन इकडे. आता मी लक्ष ठेवतो. तू झोप."

हॅटीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. बाबा खरंच दांड्या मोजायला बसले होते. मग तिने फोन त्यांच्या हातात दिला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच उशाशी काही न घेता ती आडवी झाली.