उजव्या हाताचं माप

सुनेनं टॅब पुढ्यात धरला आणि बाईंनी सगळ्यात आधी त्यातल्या कॉफीच्या कपाला हाकललं.

"हा कशाला इथे? मी काय हॉटेल काढलंय?"

"आयतं चित्र असतं ते, आई. नोंदींच्या पानावर शोभेला. बदलता येतं."

"मग बदल. आणि हा गुलाबी रंगही काढ. डोळ्यांत खुपतोय."

घराच्या खालच्या मजल्यावर बाईंचं शिलाईचं दुकान होतं. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, आणि बोलण्यात तर नव्हतंच नव्हतं. गिऱ्हाइकं पाठीमागे त्यांना 'कात्री' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आवडतही होतं. शाळेशी त्यांचं लवकरच फाटलेलं, म्हणून माप कधी लिहिलं नाही. टेपसुद्धा कधी गळ्यात घातली नाही. वीत लावायची, बोटं लावायची, आकडा डोक्यात ठेवायचा. मग एका सकाळी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, आणि डोक्यातली सगळी मापं पुसली गेली.

मुलगा म्हणाला, "खूप केलंस, आई. आता कापायचं टेबल विकून टाकू. त्या जागेत तयार कपडे ठेवू."

"आधी तुझा कोट शिवते. डाव्या हातानं. नाही बसला तर टेबल तूच उचलून ने."

"आणि बसला तर?"

"तर या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही."

म्हणून हा टॅब. बोललं की तो लिहून घ्यायचा. पण परक्याच्या घरात बाई काम करणार नव्हत्या. पानांचा रंग त्यांनी गडद करडा करून घेतला, खडूची रेघ उठून दिसेल असा. गिऱ्हाइकांची पानं नावांनी लावलीच नाहीत. 'पोटवाले', 'खांदेपडे', 'ट्रायलला भांडणारे' अशी लावली. प्रत्येक पानावर एकेका बटणाचा फोटो. मुलाच्या पानाला नाव दिलं 'चिरंजीव' आणि बटण लावलं तुटकं. सून तोंडावर हात धरून हसली. शेवटी या पानांच्या सगळ्या चौकटी त्यांनी पडद्याच्या डाव्या कडेला ओढल्या, डाव्या अंगठ्याला सहज सापडतील अशा.

"आता कसं, माझं दुकान वाटतंय."

मुलाला उभं करून त्यांनी डाव्या हातानं माप घेतलं, वीत वीत, बोट बोट, आणि टॅबला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी टॅब उघडला तर चौकटी उजव्या कडेला होत्या.

"अगं, तू हलवल्यास का?"

"मी हातही लावला नाही, आई. नवीन आहे, सरकलं असेल काहीतरी."

बाईंनी एकेक चौकट परत डावीकडे आणली. पुढच्या सकाळी त्या पुन्हा उजवीकडे. तुटकं बटण जाऊन तिथे चांगलं बटण आलेलं. आणि 'चिरंजीव'मधले आकडेही बदललेले.

हे काम मुलाचं, याबद्दल बाईंना शंका उरली नाही. "माप बिघडवून जिंकायचंय होय रे लबाडा?"

"आई, मला वीत-बोटं कळत असती तर मी तुझ्या हाताखालीच नसतो का बसलो?"

ते मात्र खरं होतं. बाईंनी टॅबला कुलूप घालून घेतलं, त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या ठशाशिवाय उघडणार नाही असं. आकडे पुन्हा सांगितले. सकाळी ठसा लावून उघडलं. आकडे बदललेले.

आता त्या घाबरल्या नाहीत, चिडल्या. चिडल्या की त्यांचं डोकं चांगलं चालायचं. त्यांनी आपले आकडे आठवले आणि पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिले. बदल वाटेल तसा नव्हता. प्रत्येक माप थोडं कमी झालेलं. लांब माप जास्त कमी, आखूड माप जरासं कमी. म्हणजे माणूस तोच होता. मोजणारी वीत मोठी होती.

त्यांनी लुळा उजवा हात उचलून टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर डावा तळवा टेकवला. उजव्याची बोटं पेरभर पुढे गेली. आयुष्यभर ताणून ताणून त्याची वीत वाढली होती.

मग मुलाला हाक मारली.

"मी सोडून तुझं माप कोणी घेतलं?"

"कोणी नाही. तूच तर दोनदा घेतलंस."

"दोनदा?"

"त्या दिवशी दुपारी मी सोफ्यावर पालथा झोपलो होतो ना. पाठीवर वीत लावत होतीस, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. अर्धवट झोपेत होतो, पण तुझा उजवा हात मी ओळखतो, आई. अंगठ्यावरचा घट्टा टोचतो. बरं वाटलं मला. म्हटलं, हात सुधारतोय. नजर लागायला नको, म्हणून बोललो नाही."

त्या दुपारी सून बाईंना व्यायामाला घेऊन गेली होती. तिथल्या ताई उजव्या हाताचं एकेक बोट उघडत होत्या आणि सोडलं की ते ओल्या कापडासारखं मिटत होतं.

बाई खाली गेल्या, दुकानाचं दार लावलं, कापड पसरलं.

पडद्यावर उजव्याचे आकडे होते. डोक्यात डाव्याचे.

"माझ्या टेबलावर एकच हात कापतो," त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "आणि तो कुठला, हे मी ठरवते."

उजवा हात त्यांनी उचलला आणि कापडाच्या कडेवर वजनासारखा आदळला. "लुडबुड करायचीय ना? मग दाबून धर."

डाव्या हातानं खडूची रेघ मारली. वेडीवाकडी. पुसून पुन्हा मारली.

कापलं.

उजव्या हाताखालचं कापड शेवटपर्यंत तसूभर सरकलं नाही.

ट्रायलच्या दिवशी मुलगा आरशासमोर उभा राहिला. हात वर केले, खाली सोडले, पाठ वळवून पाहिली. खांदा खांद्यावर होता, बाही मनगटावर.

"बोल की."

"तोंड उघडायचं नाही असं ठरलंय ना?" तो म्हणाला, आणि खाली वाकून टेबलाच्या पायातला ढिला स्क्रू पिळू लागला. सुनेनं हळूच डोळे पुसले. बाईंनी पुसले नाहीत. त्यांना अजून बाहीची शिलाई तपासायची होती.

दुसऱ्या सकाळी चहा घेता घेता त्यांनी टॅब उघडला. चौकटी उजवीकडे. सगळ्यांच्या वर एक नवीन चौकट, बिननावाची, बटण नसलेली.

आत थोडंच लिहिलं होतं, त्यांच्याच बोलण्याच्या धाटणीत.

डावा हात. तळवा, बोटं चार. मनगट, बोटं तीन. रेघेवरच कापायचं, शिलाईला कापड सोडायचं नाही.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहून हसल्या.

"जळतोस होय रे मेल्या? जळ."

आणि त्या एकेक चौकट डावीकडे ओढू लागल्या. शेवटची ओढताना हात खिडकीच्या उजेडात आला. डाव्या मनगटाभोवती पांढऱ्या खडूची एक बारीक रेघ होती. सरळ, कुठेही न तुटलेली, जिथून निघाली तिथेच येऊन मिळालेली. तशी रेघ या घरात एकाच हाताला जमायची.