घरचा चेहरा

सकाळी पोहे खाताना उज्ज्वलाअक्कांना टीव्हीवर आपलीच मुलगी दिसली. स्वरांजली पांढऱ्या कोटात होती, वयानं जरा मोठी, गळ्यात स्टेथोस्कोप. "आई, बाबा, तुमच्यामुळंच झालं हे," असं म्हणून ती हसली. मग वैद्यकीय प्रवेशाच्या एका शिकवणीचं नाव आलं आणि जाहिरात संपली. खरी स्वरांजली समोरच बसली होती. ती अजून बारावीतच होती.

अक्कांनी लगेच धाकट्या भावाला फोन लावला. "बसू, ही तुझीच करामत ना रे?"

बसवराज लातूरमध्ये जाहिराती बनवायचा. पूर्वी त्याला कॅमेरामन, नट, दिवे असं सगळं लटांबर लागायचं. आता तो घरी बसून चार वाक्यं लिहायचा, बाकीचं यंत्र करायचं. नवी प्रणाली तर आणखी पुढची होती. फोनमधले फोटो आणि आवाज वापरायची परवानगी लोकांनी कधीतरी न वाचताच दिलेली असे. त्यावरून ती प्रत्येक घराला त्याचंच मूल दाखवायची, सहा-सात वर्षांनी मोठं करून. तीच जाहिरात शेजारी लागली की तिथला मुलगा डॉक्टर झालेला असायचा.

स्वरांजलीला डॉक्टर व्हायचं नव्हतं. तेर गावच्या संग्रहालयातल्या जुन्या मातीच्या मूर्ती पाहिल्यापासून तिनं पुरातत्त्वाचा ध्यास घेतला होता. दाजी, म्हणजे तिचे वडील, तिला हो म्हणाले होते. जाहिरात पाहिली आणि त्यांनी त्याच शिकवणीत तिचं नाव घातलं.

वैद्यकीय प्रवेशात तिचा नंबर लागला नाही. निकाल प्रणालीलाही कळला. पुढच्याच आठवड्यात टीव्हीवरची डॉक्टर म्हणाली, "आई, अजून एकच वर्ष. माझ्यावर विश्वास आहे ना?" अक्कांनी पदरानं डोळे पुसले. स्वरांजली ताटावरून उठली आणि थेट मामाकडे गेली.

"मामा, तिला बंद कर."

"अगं, साधी जाहिरात आहे ती."

"आवाज माझा आहे. मी आईशी असं कधीच बोलले नाही. आता आई माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

बसवराजनं शिकवणीच्या संचालकांना फोन केला. ते हसले. "साहेब, तिच्यावरच तर आमचे वर्ग भरलेत." एका घरापुरती जाहिरात थांबवता येत होती, पण फोन ज्याच्या नावावर, त्याच्याच अंगठ्यानं. तो भाचीला घेऊन अक्कांकडे आला आणि त्यांचाच फोन त्यांच्यापुढं धरला.

"अक्का, इथं अंगठा ठेव. घरातली भांडणं तरी मिटतील."

अक्कांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. "किती मायेनं बोलते रे ती. ही तर दिवसभर दार लावून बसते."

"आई, मी इथंच उभी आहे," स्वरांजली म्हणाली.

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. मग फोनच्या पडद्यावर हसणाऱ्या डॉक्टरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि भावाला हळूच विचारलं, "बंद केल्यावर ती कुठं जाईल रे?"