तीनदा मेलेला मॉनिटर

त्या मे महिन्यात उस्मानपुऱ्यात असा वारा सुटला होता, की एका गच्चीवरची वाळत घातलेली साडी उडाली ती थेट दौलताबादच्या किल्ल्यावर जाऊन अडकली, आणि तिथं आलेल्या पाहुण्यांनी झेंडा समजून तिच्यासोबत फोटो काढून घेतले. पटत नसेल तर सोडून द्या. पण त्याच वाऱ्यानं गल्लीतल्या डीपीची तार तोडली आणि भर दुपारी लाईट गेली, एवढं तरी खरं धरून चला. ती लाईट गेली नसती, तर तनुजाच्या दुकानाच्या पायरीवर विश्वजीत असा उभा राहिला नसता – तापानं फणफणलेलं लेकरू दवाखान्यात आणावं तसा, छातीशी मॉनिटर धरून.

दुकान खरं तर दोघांचं. पुढच्या भागात तनुजाचे मामा, साहेबराव, पंखे आणि कूलर दुरुस्त करायचे. आपण गुंडाळलेल्या तारेचा पंखा एकदा असा फिरला की घरमालकाचं छप्पर जालन्याच्या दिशेनं निघालं होतं, हे ते गिऱ्हाइकाला शपथेवर सांगायचे. मागच्या भागात भिंगाच्या दिव्याखाली मान घालून बसलेली तनुजा. मॉनिटरचे, लॅपटॉपचे बोर्ड तिच्या हातचे.

"काय झालं, भाऊ?" तिनं विचारलं. दुकानात येणारा प्रत्येक पुरुष तिच्यासाठी भाऊ.

"अपडेट टाकत होतो… होतच आलं होतं. अन् लाईट गेली." तो थांबला. "हा गेला बहुतेक."

"गेला नाय. अडकलाय."

मग तिनं त्याला समजावलं. मॉनिटरच्या पोटात नखाएवढी, आठ पायांची चिप असते. जागं कसं व्हायचं, रंग कसे दाखवायचे, सगळं तिच्यात लिहिलेलं. अपडेट म्हणजे जुनं पुसून नवं लिहिणं. मधेच लाईट गेली की जुनं पुसलेलं आणि नवं अर्धवट, म्हणून बिचारा नुसता लाल दिवा मिचकावत बसतो. त्यावर इलाज एकच – चिपला कॉम्प्युटरला जोडलेला चिमटा लावायचा, आत काय उरलंय ते आधी वाचून जपून ठेवायचं आणि मग तसल्याच दुसऱ्या मॉनिटरमधला धड असलेला प्रोग्राम तिच्यात लिहायचा. आधी वाचायचं, मग लिहायचं. हा तिचा नेम होता. घाई असली तरी तिनं तो कधी मोडला नव्हता.

तरीही तो हलेना. बोटानं मॉनिटरची कड पुसत म्हणाला, "याच्यात नानांचे रंग आहेत."

नाना म्हणजे त्याचे वडील, कडुबा नाना. दोघं बापलेक हिमरू शालींचे नक्षे काढायचे; नाना कागदावर, हा कॉम्प्युटरवर. मॉनिटर घरी आला तेव्हा नानांनी रेशमाच्या लडी पडद्याशेजारी धरून एकेक रंग जुळवला होता. पडद्यावरची डाळिंबी आणि लडीची डाळिंबी यांत माशीच्या पंखाइतकाही फरक राहू दिला नव्हता. चालू करताना कंपनीचं नाव झळकायचं, तेही त्यांनी बंद करून टाकलं होतं. "घर आपलं, अन् रोज सकाळी दुसऱ्याचं नाव कामून वाचायचं?" असं म्हणाले होते म्हणे. गेल्या थंडीत नाना गेले. रंग तेवढे राहिले.

तनुजा त्या बोलण्यावर हसली. मग तिला वाटलं, हसायला नको होतं… म्हणून तिनं वर पाहिलं. तोही हसत होता, आणि त्याचे डोळे भरलेले होते. एकाच चेहऱ्यावर ऊन-पाऊस असं तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

नानांचे रंग वाचले. लाईट आल्यावर सेटिंगचा भाग तिनं अलगद काढून ठेवला आणि सगळ्यात शेवटी परत जागेवर लिहिला. पडदा उजळला तेव्हा विश्वजीतनं खिशातून डाळिंबी रेशमाचा एक तुकडा काढून शेजारी धरला. माशीच्या पंखाइतकाही फरक नव्हता.

पंधरा-वीस दिवसांनी तो पुन्हा दारात. तोच मॉनिटर, तसाच छातीशी.

"लाईट गेली," तो म्हणाला.

साहेबराव मामांनी हातातला पाना खाली ठेवला. ह्याचं घर मागच्याच गल्लीत, डीपी एकच, आणि दुकानात तर दुपारभर पंखे गरगरत होते. मामांनी एकदा पंख्यांकडं पाहिलं, एकदा ह्याच्याकडं. "आमची लाईट निराळी दिसते, बाबा," एवढंच बोलले आणि पुन्हा कामाला लागले.

तनुजानं मान वर केली नाही. "ठेवा तिथं," म्हणाली. ठेवा तिथं, भाऊ, असं नाही म्हणाली. तो शब्द कुठं गळून पडला हे तिला कळलं नाही. मामांना मात्र कळलं. त्यांनी त्या दिवशी भाचीच्या चहात स्वतःहून आलं किसून घातलं, आणि पंख्यांत गेलेल्या सगळ्या हयातीत त्यांनी असलं काम कधी केलं नव्हतं.

चहा पिताना विश्वजीत कूलरच्या उपड्या टाकीवर बसला. दुकानातली तीच त्याची बैठक झाली. तनुजा चिप वाचत होती, तो तिला नक्ष्यातली आंब्याची कुयरी कशी वळवायची ते सांगत होता, आणि तिनं ऐकता ऐकता चिमटा दोनदा उलटा लावला. त्याला ते कळलं नाही. बरंच झालं.

तिसऱ्यांदा मॉनिटर मेला तो श्रावणात, गुरुवारी. बाहेर बारीक भुरभुर. मामा नव्हते.

"तुमच्याकडची लाईट ह्या वेळी वार बघून गेली दिसते," ती स्क्रू काढत म्हणाली.

"व्हय… गुरुवार बघून गेली."

"गुरुवारीच कामून?"

"गुरुवारी मामा तार आणायला गुलमंडीला जातात."

तिच्या हातातला स्क्रू निसटला आणि टेबलाखाली गेला. दोघंही तो शोधायला वाकले. तो तिला सापडला, पण सापडला असं तिनं लगेच सांगितलं नाही…

मग तिनं चिप वाचायला घेतली, आणि तिचा चेहरा उतरला. दोनदा वाचली तर दोनदा वेगळंच आलं. नानांच्या रंगांचा भाग धड येईना. सारखं पुसून, सारखं लिहून चिपचा एक पाय सुटत आला होता. तिनं पाय पुन्हा डाग देऊन बसवला, परत वाचलं. या वेळी आले. सगळे रंग आले.

"तुम्ही मधेच वायर काढता," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

तो बोटानं मॉनिटरची कड पुसत राहिला.

"नानांचे रंग आहेत ना ह्याच्यात? आज गेले असते. मग हा खेळ कामून करता?"

"मग काय करू?" त्याचा आवाज इतका खाली होता की भुरभुरीतही बुडला असता. "रिकाम्या हातानं तुमच्या पायरीवर उभं राहायचं कसं… काय काम आहे विचारलं तर काय सांगू?"

तिच्या ओठावर उत्तर आलं होतं. अगदी दारापर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात तारेची वेटोळी खांद्यावर टाकून मामा भिजत आत शिरले, आणि उत्तर मागं फिरलं.

जाताना तो पायरीवर थांबला. "आत्याबाईनं स्थळ आणलंय. अजिंठ्याकडचं. ह्या आठवड्यात काय ते सांगायचंय." असं म्हणून तो तिच्याकडं बघत राहिला. बोर्डावर केसाएवढी चीर शोधणारी ती बाई, तिला समोरच्या माणसाचे डोळे वाचता आले नसतील असं नाही. पण तोंडानं बोलणं तिला जमायचं नाही. "परवा घेऊन जा," एवढंच ती म्हणाली.

तिला बोलता येत नव्हतं, पण लिहिता येत होतं – चिपवर.

पहिलं काम तिनं भीतीपोटी केलं. प्रोग्रामच्या भागाला कुलूप घातलं. आता कुणी कितीही अपडेट टाकायला गेलं तरी मॉनिटर ते घेणार नाही, म्हणजे मधेच मरणारही नाही. नानांचे रंग कायमचे सुखरूप. दुसरं काम मात्र निराळं होतं. चालू होताना कंपनीचं नाव झळकतं त्या जागी तिनं दोन दिवस डोकं घालून, ठिपका ठिपका जुळवत, डाळिंबी अक्षरांत एक ओळ बसवली – काम नसलं तरी या.

मॉनिटर लावला. काळ्या पडद्यावर ओळ उमटली, क्षणभर राहिली आणि विरली. तनुजाचे कान तापले. मामा पुढं कुणाला तरी छपराची गोष्ट सांगत होते. तिनं घाईनं पडदा भिंतीकडं वळवला. मग नेहमीसारखं, सगळ्यात शेवटी, नानांचं सेटिंग जसंच्या तसं परत लिहिलं. एकही ठिपका इकडचा तिकडं न करता.

वस्तू गिऱ्हाइकासमोर चालू करून दाखवायची, ही दुकानाची रीत. त्या दिवशी तिनं ती मोडली. मामांच्या देखत ती ओळ उमटली असती तर ती जमिनीत गेली असती. तिनं मॉनिटर त्याच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "घरी लावाल तेव्हा… पडद्याकडं नीट बघा."

"बघतो," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा ते ऊन.

त्यानंतर तिनं वाट पाहिली. गुरुवार आला आणि गेला. मामा मुद्दाम गुलमंडीला गेले, घरात तार ढिगानं पडली होती तरी गेले, आणि आल्यावर टाकीकडं बघून आपल्या जागी बसले. आणखी एक गुरुवार गेला. मग तुळशीची लग्नं लागल्यावर मामाच कुठून तरी ऐकून आले की दौलताबादला विश्वजीतचं लग्न झालं, जेवणात जिलबी होती. जिलबी किती मोठी होती हे त्यांनी वाढवून सांगितलं नाही. मामांची आयुष्यातली ती एकमेव गोष्ट, जी आहे तेवढीच राहिली.

त्यानं ओळ वाचली आणि तो आला नाही, असं तनुजानं मनाशी धरलं. उत्तर मिळालं म्हणायचं. तिनं कूलरची टाकी उचलून आत नेऊन ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात एक मुलगी तोच मॉनिटर घेऊन आली. कॉलेजातली, बोलकी. मॉनिटरच्या पाठीवर दुकानाचं नाव चिकटवलेलं होतं, ते वाचून आली होती. अपेक्षा, विश्वजीतची धाकटी बहीण. दादा-वहिनी आता पैठणला असतात, दादानं हा तिला देऊन टाकला, असं तिनं आपणहून सांगितलं.

"दादाचे रंग लई गडद आहेत, ताई. पिक्चर बघताना सगळे लाजल्यासारखे दिसतात. पहिल्यासारखं करून द्या."

तनुजानं खणातून चिमटा बाहेर काढला. आधी वाचायचं. नानांचे रंग तिनं वाचून स्वतःजवळ जपून ठेवले. हात चालत होते, आणि अपेक्षा बोलत होती.

"ह्याच्यात अपडेट होत नाय, माहितीय का? मागं श्रावणात दादानं इथून आणला, तेव्हा आधी त्याच्यासमोर नुसता बसून होता. लावायचा, बंद करायचा, परत लावायचा. मी म्हटलं काय बघतो? म्हणाला, तिनं बघायला सांगितलंय, पण काही दिसंना. मग त्यानं अपडेट लावलं. तर पडद्यावर आलं, ह्या मॉनिटरवर अपडेट करता येणार नाही." ती जरा थांबली. "दादा म्हणाला, हेच दाखवायचं होतं तिला. दार लावून घेतलं, बरोबर केलं. अन् सकाळी उठून आत्याला हो म्हणून आला."

तनुजाचे हात थांबले नाहीत. तिनं सेटिंग कोरं केलं, जसं कारखान्यातून येतं तसं. वायर काढली, परत लावली.

काळ्या पडद्यावर डाळिंबी अक्षरं उमटली. काम नसलं तरी या.

क्षणभर राहिली आणि विरली.

तेव्हा तिला आठवलं. घर आपलं, अन् दुसऱ्याचं नाव कामून वाचायचं… नानांनी ते झळकणं सेटिंगमध्येच बंद करून ठेवलं होतं. आणि नानांचं सेटिंग तिनं जसंच्या तसं परत लिहिलं होतं. एकही ठिपका इकडचा तिकडं न करता.

अपेक्षा कधी पडद्याकडं, कधी तिच्याकडं बघत होती. पोर बोलकी होती, पण मठ्ठ नव्हती.

"ताई… हे दादासाठी होतं?"

"व्हय."

"त्याला सांगू?"

पुढच्या भागात पंख्यांचा आवाज होता. मामांनी पंखा बंद केला.

"सुखात आहेत ना ते?"

अपेक्षानं जरा विचार केला. खोटं बोलणारी पोर पटकन बोलली असती. "आहे. वहिनी चांगली आहे."

"मग नको." तनुजानं मागचं झाकण बसवलं, एकेक स्क्रू आवळला. शेवटचा स्क्रू तिच्या हातात बराच वेळ राहिला. "कुलूप काढून ती ओळ पुसून देते. कंपनीचं नाव येईल पहिल्यासारखं."

"राहू द्या," अपेक्षा म्हणाली. मॉनिटर उचलला, छातीशी धरला – त्या घरातल्या सगळ्यांचीच तशी सवय असावी – आणि गेली.

पुढच्या गुरुवारी दुपारी मामा दारातच तार गुंडाळत बसले होते. पायरीवर सावली पडली. अपेक्षा उभी होती, दोन्ही हात रिकामे.

"काय बिघडलं, पोरी?" मामांनी विचारलं.

"काय नाय."

"मग काय काम आणलंस?"

"काम नाय," ती म्हणाली. "रोज पडद्यावर वाचते. म्हणून आले."

आतल्या बाजूला भिंगाचा दिवा विझला. तनुजा उठली, आत जाऊन कूलरची टाकी घेऊन आली, पदरानं पुसली आणि उपडी करून ठेवली.

मामांनी चहाला आलं किसायला घेतलं. किसता किसता म्हणाले, हे आलं साधं नाही, ह्याचा वास पार पैठणपर्यंत जातो.

कुणी त्यांना खोटं पाडलं नाही.